नको असलेलं देताना

आपल्याला नको असलेली वस्तू दुसऱ्याला देणं, हे देणं आहे की टाकणं?

एरवी असा प्रश्न कुणाला पडत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात मात्र चंद्रपुरात घरी बसून काम करताना मला तो जवळजवळ रोज पडायचा, कारण त्या दिवसांत घरोघरी एकच उद्योग चालू होता: माळे रिकामे करणं. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली, बारा वाजता देश बंद झाला. पहिल्या आठवड्यात लोकांनी पत्ते खेळले, दुसऱ्यात डालगोना कॉफी फेटली आणि तिसऱ्या आठवड्यापासून कपाटं उघडली. तुमच्याही घरी थोड्याफार फरकानं हेच झालं असेल.

आमच्या घरातून निघालं ते असं. एक लोखंडी कूलर, त्याच्या वाळ्याच्या ताट्या पार झडलेल्या. कापसाच्या दोन गाद्या, ज्या पिंजून घ्यायच्या म्हणून पाच वर्षं गुंडाळून ठेवल्या होत्या. वारलेल्या आजोबांचे नऊ शर्ट आणि एक कोट. तीन मोठे गंज. डबा टीव्हीसारखा पाठीत फुगलेला संगणकाचा मॉनिटर. माझी बारावीची आणि प्रवेश परीक्षांची पुस्तकं. दोन जुने स्मार्टफोन. यातलं काहीच कचरा नव्हतं आणि यातलं काहीच आम्हाला लागत नव्हतं. नैतिक अडचण इथंच सुरू होते. कचरा असता तर घंटागाडीत टाकला असता. लागत असतं तर ठेवलं असतं.

नेहमीच्या दिवसांत या मधल्या वस्तूंसाठी गावात वाटा असतात. त्यांना कुणी व्यवस्था म्हणत नाही, पण ती उत्तम व्यवस्था आहे. लोखंड आणि रद्दी कबाडी नेतो. कपडे भांडेवाली नेते आणि त्या बदल्यात स्टीलचा डबा देते (पुण्या-मुंबईकडे तिला बोहारीण म्हणतात). बरंचसं सामान घरकामाला येणाऱ्या मावशींकडे जातं. पुस्तकं, दप्तरं कुणाच्या तरी ओळखीनं आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात पोचतात. २०२० मध्ये या सगळ्या वाटा एकदम बंद झाल्या. कबाड्याचं दुकान बंद. भांडेवाली गायब. आश्रमशाळा मार्चमध्येच बंद होऊन मुलं आपापल्या गावी गेलेली. जिल्हा ओलांडायला ई-पास, आणि तो सप्टेंबर उजाडेपर्यंत लागत होता. म्हणजे चंद्रपूरहून वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला एक गादी न्यायची तर सरकारला कारण सांगावं लागणार. ‘गादी द्यायला चाललोय’ हे कारण यादीत नव्हतं.

मी दोन-तीन संस्थांना फोन केले. एकानं नम्रपणे सांगितलं, ‘वापरलेले कपडे सध्या घेत नाही.’ दुसऱ्यानं विचारलं, ‘धान्य देऊ शकाल का?’ प्रामाणिक उत्तरं होती दोन्ही. त्या प्रामाणिकपणामुळेच पुढचा प्रश्न सुचला. आपण देण्यासाठी जागा शोधतोय, की घरातली जागा मोकळी करण्यासाठी घेणारा शोधतोय?

कठोपनिषदाची सुरुवात याच प्रश्नानं होते, हे आपण सहसा विसरतो. नचिकेता म्हटलं की आपल्याला यमाच्या दारात तीन रात्री बसलेला मुलगा आठवतो. पण तो तिथं का गेला? बापानं सर्वस्व देण्याचा यज्ञ मांडला होता आणि दान म्हणून गायी निघाल्या त्या म्हाताऱ्या. गवत खाऊन झालेल्या, पाणी पिऊन झालेलं, दूध देऊन झालेलं, पुन्हा वासरू न होणाऱ्या. मुलाला ते दिसलं. त्यानं भांडण केलं नाही, एवढंच विचारलं की मग मला कुणाला देणार? बाप चिडून म्हणाला, मृत्यूला. पुढं सगळं तत्त्वज्ञान आहे, आत्मा वगैरे. पण ज्या ठिणगीनं ते पेटलं ती ठिणगी म्हणजे माळा रिकामा करणारा एक गृहस्थ आणि त्याच्याकडे बघणारा एक पोरगा.

मला त्या गोष्टीत नेहमी एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. त्या गायी ज्यांना मिळाल्या त्यांचं काय झालं? दूध न देणारी गायही खाते. तिला दावण लागते, चारा लागतो, आजारपण असतं. म्हणजे बापानं नुसतं निरुपयोगी दान केलं नाही, त्यानं खर्च दान केला. उपनिषद देणाऱ्याच्या परलोकाची काळजी करतं. घेणाऱ्याच्या चाऱ्याची काळजी कुणीच करत नाही.

आणि मग आमच्याच जिल्ह्यातली एक गाय आठवते. चंद्रपूरहून पन्नासेक किलोमीटरवर वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये आनंदवन उभं करायला घेतलं, तेव्हाची शिदोरी सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे: सहा कुष्ठरोगी, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय. जमीन सरकारनं दिलेली, खडकाळ. जरा दुसऱ्या बाजूनं बघा. ही सगळी यादी नको असलेल्या गोष्टींची आहे. नको असलेली जमीन, नको असलेलं जनावर, आणि गावानं बाहेर काढलेली माणसं. त्यातून शेती, विहिरी, हातमाग, शाळा, कॉलेज उभं राहिलं.

तेव्हा ‘निरुपयोगी वस्तू देणं हेच पाप’ असं सरळ म्हणता येत नाही. लंगडी गायसुद्धा कामी आली. पण का कामी आली, हे नीट पाहायला हवं. ती कामी आली ती घेणाऱ्यांच्या घामानं. खडकातून माती काढली ती बोटं झडलेल्या हातांनी. जमीन देणाऱ्याच्या चांगुलपणाचा त्यात वाटा फार थोडा. ‘बघा, आम्ही दिलेल्या पडीक जमिनीचं सोनं झालं’ असं कुणी म्हणालं, तर ते जवळजवळ चोरीसारखं आहे. बाबा स्वतः दानाविषयी कडवट बोलत. दान माणसाला मोडतं, काम त्याला उभं करतं, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ असे.

त्याच १९५१ मध्ये, १८ एप्रिलला, इकडून फार लांब नसलेल्या तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांना पहिलं भूदान मिळालं. पुढच्या वर्षांत पायी हिंडून त्यांनी ४० लाख एकरांहून जास्त जमीन मागून मिळवली. जगात असं दुसरं उदाहरण शोधून सापडणार नाही. पण त्यातली बरीच जमीन कधी वाटलीच गेली नाही, कारण ती पिकणारी नव्हती, किंवा कोर्टात अडकलेली होती, किंवा कागदावर एकाची आणि कब्ज्यात दुसऱ्याची होती. जमीनदारांनीही माळे रिकामे केले होते. मी हे विनोबांना कमी लेखायला सांगत नाही. इतक्या मोठ्या माणसाला समोर उभं करूनही लोक आधी नको असलेलंच देतात, तर आपल्या कॉलनीत काय होणार, एवढंच.

आता मावशींकडे येतो. त्या आमच्याकडे पंधरा वर्षं येतात. लॉकडाऊनमध्ये येणं बंद होतं, पगार आईनं चालू ठेवला होता. सगळ्या घरांनी ठेवला नव्हता. कॉलनीतल्या एका घरानं त्यांच्या बहिणीला दोन महिने काही दिलं नाही आणि जूनमध्ये बोलावून एक जुना टेबलफॅन आणि पिशवीभर साड्या दिल्या. साड्या चांगल्या होत्या, असं त्या म्हणाल्या. हे मी ऐकलं तेव्हा मला फार राग आला आणि अजूनही येतो, कारण हा जुन्या वस्तूंचा सगळ्यात घाण वापर आहे. जे देणं लागतो ते बुडवायचं आणि जे लागत नाही ते देऊन उदार दिसायचं. पंखा दान आणि पगार उपकार, असा हिशेब. पगाराचं देणं साड्यांनी फिटत नाही. एवढी साधी गोष्ट आहे, तरी घराघरांत ती उलटी चालते.

जूनमध्येच मावशी आमच्याकडे आल्या. अंगणात, तोंडाला पदर लावून, चार हात लांब उभ्या राहिल्या. आईनं गाद्या दाखवल्या. मावशींनी लांबूनच बघितल्या आणि म्हणाल्या, “नोको जी. ठेवू कुठं? एक खोली हाये. पावसाचं अर्ध्या खोलीत पानी येते.”

“कूलर?”

“लाइटीचं बिल कोन भरन बाई?”

आईला थोडं लागलं, ते चेहऱ्यावर दिसलं. आपण दिलेलं कुणी नाकारलं की आपल्याला लागतं. पण विचार केला तर त्या नकारात जेवढी माहिती होती तेवढी मला कुठल्या संस्थेच्या फोनवर मिळाली नव्हती. एक खोली, गळकं छप्पर, विजेचं बिल. जी माणसं ‘नको’ म्हणू शकत नाहीत, त्यांच्याकडून आपल्याला काहीच कळत नाही. ती घेतात, हसतात, आशीर्वाद देतात आणि गादी चार दिवसांनी नाल्याच्या काठावर पडलेली असते.

मग मावशींनी स्वतःहून विचारलं. मुलगी नववीत होती, शाळा फोनवर सुरू होणार होती. जुना फोन आहे का? दोन होते. एकाची बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलेलं, तो कुणालाच देण्यासारखा नव्हता. दुसरा चालत होता. मी तो देतो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “फुकट नोको. हजार रुपये घ्या. दोन महिन्यांत कापून घ्या पगारातून.”

आई म्हणाली, अहो काय बोलता, पडूनच होता तो. मावशी ऐकेनात. शेवटी म्हणाल्या, “फुकटचं बिघडलं त कोनाले सांगू?”

आईनं पाचशेवर तोडगा काढला. मला ते पाचशे रुपये घेणं अवघड वाटत होतं, पण मी मध्ये पडलो नाही. मार्सेल मोस नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं १९२५ मध्ये भेटवस्तूंवर एक मोठा निबंध लिहिला. जगात फुकटची भेट नसतेच, प्रत्येक भेट परतफेडीचं ओझं घेऊन येते आणि ज्याला परतफेड करता येत नाही तो खालचा ठरतो, असं त्याचं म्हणणं. मावशींनी तीच गोष्ट एका ओळीत, आणि मोसपेक्षा एक पाऊल पुढं जाऊन सांगितली. फुकट घेतलेल्या वस्तूबद्दल तक्रार करता येत नाही. तिला फोन नको होता, तिला तक्रार करायचा हक्क असलेला फोन हवा होता.

तीन आठवड्यांनी त्या तक्रार घेऊन आल्याच. आवाज फाटत होता. मी आधी फोन पूर्ण पुसून, माझी सगळी खाती काढून, चार्जर तपासून दिला होता, पण स्पीकरकडे लक्ष गेलं नव्हतं, कारण मी कायम इअरफोन लावत असे. दुकानं उघडल्यावर तो बदलून दिला. मावशींच्या बोलण्यात जराही संकोच नव्हता. “आवाज नाई येत बरोबर,” एवढंच.

जुन्या फोनबद्दल एक आडवाट घेतो, कारण हा माझ्या धंद्याचा विषय आहे आणि त्या वर्षी शेकडो लोकांनी सद्भावनेनं जुने फोन गोळा केले. फोन म्हणजे वस्तू नव्हे, फोन म्हणजे एका लांबलचक साखळीचं टोक. चार्जर, वीज, रिचार्जचे पैसे, रेंज, आणि जुन्या अँड्रॉइडवर उतरेल असं अॅप. यातली एक कडी तुटली की हातात राहतो तो काचेचा चौकोन. एटापल्ली-भामरागडकडच्या कितीतरी गावांत रेंजसाठी टेकडीवर चढावं लागत होतं. तिथं फोन पाठवणारा माणूस खरं तर टेकडी चढायचं काम पाठवत होता. नचिकेत्याच्या बापाच्या गायीसारखंच. वस्तू देताना तिचा चारा कोण घालणार, हे विचारायला हवं. कूलरला पाणी आणि वीज, गादीला कोरडी जागा, फोनला रेंज. पैशाला मात्र चारा लागत नाही.

याच मुद्द्यावर माझं पीटर सिंगरशी थोडं भांडण आहे. तुम्ही तत्त्वज्ञानाचे व्हिडिओ बघत असाल तर तळ्यात बुडणाऱ्या मुलाचं उदाहरण माहीत असेल. बूट खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का? नाही ना, मग लांब देशातल्या उपाशी मुलासाठी का थांबता? हा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो लिहिताना सिंगरच्या डोळ्यासमोर पूर्व बंगालचे निर्वासित होते. (आमच्याकडं चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावंच्या गावं वसलेली आहेत. दुकानाच्या पाट्यांपासून माशांच्या बाजारापर्यंत बंगाली. मदत मिळाल्यानंतरचं आयुष्य कसं असतं ते बघायचं तर तिकडं जावं.) सिंगर म्हणतो, अंतरानं नैतिक फरक पडत नाही. पैशाच्या बाबतीत मला हे पूर्ण पटतं. वस्तूच्या बाबतीत अंतर हाच अर्धा प्रश्न असतो. गडचिरोलीहून भामरागड दीडशे किलोमीटरच्या पुढं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि तालुक्याचं ठिकाण तुटतं. तिथंवर माझ्या दोन गाद्या न्यायला जेवढं डिझेल लागेल तेवढ्या पैशात नागपूरहून नवी चादर, ब्लँकेट येईल. अशा वेळी गादी पाठवण्याचा हट्ट धरणं म्हणजे स्वतःच्या गादीवरचं प्रेम.

त्या वर्षी अंतराला आणखी एक अर्थ आला होता. १७ मार्च २०२० ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटा अहवाल आला: प्लास्टिक आणि स्टीलवर विषाणू ७२ तासांपर्यंत सापडतो, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत. आमच्या कॉलनीत लगेच तीन दिवसांचा नियम झाला. पिशवी बांधायची, अंगणात उन्हात ठेवायची, चौथ्या दिवशी हात लावायचा. चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन ४५ अंशांच्या वर असतं. विषाणूच काय, प्लास्टिकच्या बादल्याही तडकत. पुढं एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं सांगितलं की पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी आहे.

पण २०२० च्या उन्हाळ्यात हे ठाऊक नव्हतं आणि त्या अज्ञानात काय करावं, हा प्रश्न मला अजूनही महत्त्वाचा वाटतो. आमच्या धंद्यात जोखीम मोजताना दोन आकडे गुणतात: घडण्याची शक्यता आणि घडल्यास नुकसान. पिशवी चंद्रपुरातच कुणाला दिली आणि काही झालं, तर दवाखाना रिक्षाच्या अंतरावर. तीच पिशवी एखाद्या माडिया गावात गेली आणि काही झालं, तर आधी खाटेवरून रस्त्यापर्यंत, मग गाडी मिळाली तर हेमलकशाचा लोकबिरादरी दवाखाना किंवा गडचिरोली. शक्यता तीच, गुणाकार वेगळा. ‘सगळ्यांना सारखाच धोका’ हे वाक्य त्या काळात फार ऐकलं. ते कधीच खरं नव्हतं. आपल्या चांगुलपणाची जोखीम दुसऱ्यानं घ्यायची असेल, तर निदान त्याच्या दवाखान्याचं अंतर आपल्याला माहीत हवं.

एप्रिलमध्येच दक्षिणेकडून माणसं चालत येत होती. चंद्रपूर-गडचिरोलीतून आणि पलीकडे छत्तीसगडमधून दर वर्षी हजारो मजूर तेलंगणात मिरची तोडायला जातात. लॉकडाऊनमध्ये ते शेतातच अडकले आणि मग जंगलवाटांनी, नद्या ओलांडत, डोक्यावर गाठोडी घेऊन निघाले. त्याच वाटांवर बिजापूरकडची एक बारा वर्षांची मुलगी घरापासून थोड्या अंतरावर गेली. त्या दिवसांत देशभर रस्त्यांवर लोकांनी चालणाऱ्यांना चपला वाटल्या. मला त्या चपलांबद्दल आदर आहे. चपलेला नाटक जमत नाही. ती पायाला बसते किंवा बसत नाही, आणि ते पायच सांगतो. देणाऱ्यानं कितीही प्रेमानं सात नंबर दिला तरी नऊ नंबरचा पाय त्यात जात नाही.

ऑगस्टच्या शेवटी आमच्या जिल्ह्यावर दुसरं संकट आलं. मध्य प्रदेशात वैनगंगेच्या खोऱ्यात प्रचंड पाऊस झाला, भंडाऱ्याजवळच्या गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि ब्रह्मपुरी तालुक्यात पाणी शिरलं. लाडजसारखं गाव तर नदीच्या पात्रांनी वेढलेलंच. पिंपळगाव, बेलगाव, कोलारी, सगळीकडं घरात पाणी, उभा धान गेलेला. पलीकडं वडसा. आणि हे सगळं कोरोना ऐन भरात असताना, जेव्हा शाळेच्या एका खोलीत वीस माणसं झोपवणंही धोक्याचं होतं.

अचानक आमच्या गाद्यांना अर्थ आला. तीच गादी, जूनमध्ये ओझं, सप्टेंबरमध्ये गरज. वस्तू बदलली नव्हती, तिच्या भोवतीचं जग बदललं होतं. गीतेत दानासाठी योग्य जागा, योग्य वेळ आणि योग्य माणूस अशा तीन अटी सांगितल्या आहेत. मी त्या नेहमी देणाऱ्याच्या पुण्यासाठीच्या अटी समजत आलो. त्या निव्वळ पुरवठ्याच्या अटी आहेत, हे टेम्पो भरताना लक्षात येतं.

कॉलनीतून एक टेम्पो निघणार होता आणि सामान निवडायचं काम आम्हा चौघांकडं आलं. मास्क, हातमोजे घालून दोन दिवस आम्ही पिशव्या उघडत होतो. चांगलं पुष्कळ होतं. पण एका पायाची सँडल होती. बगलेत फाटलेले गाऊन होते. तारीख उलटलेलं खोकल्याचं औषध होतं. कुणाची तरी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेची ढाल होती. पुरात घर गेलेल्या माणसानं ढालीचं काय करावं, अशी देणाऱ्याची अपेक्षा असेल, मला अजून उमगलेलं नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून होते, ते उचलायलाच यंत्रणा लावावी लागली. मदतकार्यातले लोक अशा न मागितलेल्या सामानाला दुसरी आपत्ती म्हणतात. निवडण्याचं काम आपण केलं नाही, तर ते संपत नाही. ते फक्त पुढं सरकतं, आणि ज्याचं घर चिखलात आहे त्याच्या अंगावर पडतं.

गावातल्या एका ओळखीच्या शिक्षकाला फोन करून आम्ही विचारलं, काय हवंय. त्यांनी बायकांना विचारून यादी पाठवली. ताडपत्री. दोरी. मोठे गंज. झाडू आणि फावडी, चिखल काढायला. काडेपेट्या. चादरी. सॅनिटरी पॅड आणि नव्या निकर. ही शेवटची ओळ वाचून सगळे जरा गप्प झालो. एकाही पिशवीत ते नव्हतं, असणारही नव्हतं, कारण आतले कपडे कुणी जुने देत नाही आणि नवे कुणी देण्याचा विचार करत नाही. पैसे जमवून ते विकत आणले. गाद्या आणि तिन्ही गंज गेले. आजोबांचे शर्ट आम्ही पाठवले नाहीत, कारण यादीत शर्ट नव्हते.

या कामाला पूर्णवेळ डोकं लावलेली माणसं आहेत. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये दिल्लीत ‘गूंज’ सुरू केली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. त्यांची पद्धत अशी की गावानं स्वतः ठरवलेलं काम करायचं, विहीर, बांध, रस्ता, आणि त्याचा मोबदला म्हणून शहरातून आलेले, निवडून-धुऊन-जोडी लावून तयार केलेले कपडे आणि सामान मिळतं. घेणारा भिकारी राहत नाही, कामाचं घेतो. बाबा आमट्यांना हे आवडलं असतं, असं मला वाटतं. तरी एक खडा लागतोच. त्या कपड्यासाठी गावानं घाम गाळला, मी काय गाळलं? मला तर कपाट रिकामं मिळालं, वर समाधान मिळालं. गूंजचा यात दोष नाही, ती घेणाऱ्याचा मान सांभाळते. देणाऱ्याकडून किंमत वसूल करणारी पद्धत मात्र मला अजून कुठं दिसलेली नाही. निदान धुणं, बटणं लावणं, वाहतुकीचे पैसे भरणं, हे देणाऱ्याचं काम असायला हवं. पिशवीबरोबर पिशवीचं भाडं.

‘माणुसकीची भिंत’ तुम्ही पाहिली असेल. नको असेल ते ठेवून जा, हवं असेल ते घेऊन जा. २०१५ च्या सुमाराला इराणमधल्या मशहद शहरात अशी भिंत गाजली आणि नंतर आपल्याकडंही गावोगावी खुंट्या लागल्या. तिच्यात एक गोष्ट फार चांगली आहे: घेणारा आपल्या हातानं निवडतो आणि कुणी बघत नसतं, आभार मानावे लागत नाहीत. आणि एक गोष्ट तितकीच वाईट: देणाराही कुणी बघत नसतं. त्यामुळं दोन पावसाळ्यांत बऱ्याच भिंतींखाली नुसता ओला ढीग उरतो. कोरोनात तर अनोळखी कपड्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

भांडेवाली परत आली ती डिसेंबरमध्ये. डोक्यावर तीच टोपली, मास्क हनुवटीवर. आईनं आजोबांचे शर्ट आणि कोट काढले. ती ओट्यावर बसली आणि एकेक शर्ट उजेडात धरून बघू लागली, कॉलर, काखा, बटणं, शिवण. माझ्या आजोबांच्या शर्टांकडे इतक्या बारकाईनं त्यांच्या हयातीत कुणी बघितलं नसेल. सात शर्ट आणि कोट बाजूला ठेवले. दोन आईकडे सरकवले.

“हे नाई चालत बाई. कॉलर गेली.”

आई म्हणाली, मग मोठा डबा दे. ती म्हणाली, मोठ्याले अजून दोन पॅन्टा लागतीन. आई आत पॅन्ट शोधायला गेली.